राखणदाराची राखण : न झालेला हल्ला मोजायचा कसा?



आपल्या हिंगोली जिल्ह्यात पहाटे कुठल्याही मैदानावर गेलात तर भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटर पळताना दिसतात. अभ्यासिकेत गेलात तर पेट, सेट, नेटवाले दिसतात. या दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. आजचा विषय मात्र दोघांच्या मधला आहे. मैदानावरचा पोरगा उद्या सैन्यात गेला, त्याची तुकडी परदेशातल्या मोहिमेवर गेली, तर तिथं त्याचं रक्षण कसं होतं? आणि ते रक्षण नीट होतंय की नाही, हे अभ्यासिकेतल्या पोरीनं किंवा पोरानं कसं शोधायचं?

लष्करी भाषेत याला 'फोर्स प्रोटेक्शन' म्हणतात. आपण 'सैन्य-संरक्षण' म्हणू. शत्रूवर चाल करून जाणं हा यातला भाग नाही. आपली माणसं, छावणी, गाड्या, पाणी, दारूगोळा आणि माहिती सुरक्षित ठेवायची, म्हणजे ज्या कामासाठी आलो ते काम करता येईल, एवढाच याचा अर्थ. ऐकायला सोपं आहे. पण संशोधनाचा विषय म्हणून हातात घेतलं की एक अडचण लगेच समोर येते. इथं यश म्हणजे 'काहीच न घडणं'. आणि जे घडलंच नाही ते मोजायचं कसं?

आधी जागल समजून घेऊ

रानडुकरं आणि रोही यांच्या त्रासामुळं आपल्याकडं रात्री शेतात जागलीला जावं लागतं. समजा तुम्ही हळदीच्या वावराला तारेचं कुंपण केलं आणि त्या हंगामात एकही डुक्कर आत आलं नाही. तुम्ही म्हणाल, कुंपण कामाला आलं. पण थांबा. याची निदान चार कारणं असू शकतात.

एक, कुंपणामुळं डुकरं खरंच अडली. दोन, त्या वर्षी डुकरांचा कळप तुमच्या शिवारात आलाच नाही. तीन, कळप आला, पण कुंपण बघून शेजाऱ्याच्या वावरात शिरला. चार, तुम्ही त्या वर्षी हळद लावलीच नव्हती, वावर पडीक होतं, मग खाणार काय?

चारही वेळा तुमच्या वहीत नोंद एकच: 'नुकसान शून्य'. आकडा सारखा, अर्थ चार. सैन्य-संरक्षणाच्या संशोधनातली मुख्य गाठ हीच आहे. 'या छावणीवर सहा महिन्यांत एकही हल्ला झाला नाही' हे वाक्य वाचलं की चारही कारणं डोक्यात आली पाहिजेत.

श्रीलंका, १९८७

आता खऱ्या घटनेकडं येऊ. २९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. काम होतं शांतता राखण्याचं आणि शस्त्रं खाली ठेवून घेण्याचं. पण ऑक्टोबरमध्ये एलटीटीईशी थेट लढाई सुरू झाली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे बाराशे भारतीय सैनिक तिथं मृत्युमुखी पडले होते.

या शांतिसेनेत महार रेजिमेंटची आठवी बटालियन होती. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. या बटालियनमध्ये मेजर रामस्वामी परमेश्वरन होते, जन्मानं मुंबईचे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री ते आपल्या तुकडीसह एका शोधमोहिमेवरून परत येत होते. वाटेत दबा धरून बसलेल्यांनी तुकडीवर हल्ला केला. परमेश्वरन यांनी मागच्या बाजूनं वळसा घालून हल्लेखोरांवरच चाल केली. हातघाईत त्यांच्या छातीत गोळी लागली. तरी त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत तुकडीला आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आपण हे शौर्य म्हणून वाचतो आणि वाचायलाच पाहिजे. पण संशोधक म्हणून आणखी एक शब्द टिपून ठेवा: 'परत येताना'. जाताना तुकडी कुठं जाणार हे समोरच्याला माहीत नसतं. पण एकदा गेली की तिला परत यायचं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. छावणीची जागा ठरलेली, वाटा मोजक्या, माणसं थकलेली. त्यातून परक्या मुलुखात भाषा वेगळी, कोण साधा गावकरी आणि कोण हत्यारबंद हे ओळखू येत नाही, आणि रस्ता आपल्यापेक्षा समोरच्याला जास्त पाठ.

त्याच मोहिमेतली दुसरी घटना माहितीच्या बाजूची आहे. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरनं सैनिक उतरवले गेले. एलटीटीईला भारतीय सैन्याचं रेडिओवरचं बोलणं ऐकू येत होतं आणि ते तयारीत बसले होते, असं नंतरच्या वृत्तांतांमध्ये सांगितलं जातं. शीख लाइट इन्फंट्रीच्या १३ व्या बटालियनचे ३० जण तिथं उतरले होते. त्यातले २९ मारले गेले, एक पकडला गेला. म्हणजे भिंत, वाळूची पोती, चिलखत हे सगळं नंतर येतं. पहिलं कुंपण माहितीचं असतं.

आता प्रश्न असा. ज्या रात्री एखादी तुकडी वाट बदलून परत आली, दबा धरून बसलेले लोक नुसतेच बसून राहिले आणि सगळे जवान जेवून झोपले, त्या रात्रीची नोंद कुठं आहे? तिला पदक नाही, बातमी नाही, पुस्तकात प्रकरण नाही. आपल्याकडं जी माहिती साठते ती जवळजवळ सगळी 'घडलेल्या' रात्रींची असते. फक्त त्याच वाचून 'कशामुळं वाचता येतं' हे सांगणं म्हणजे फक्त दवाखान्यातले पेशंट बघून गावाच्या तब्येतीबद्दल बोलण्यासारखं आहे.

औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाबद्दल तुम्ही वाचलं असेल. गुरुत्वीय लहरींचा एक क्षणभराचा संकेत ओळखायचा तर यंत्राला आधी 'काहीच नसताना'चा गोंगाट कसा असतो ते दीर्घकाळ नोंदवावं लागतं. इथंही तसंच. शांत दिवसांची नोंद नसेल तर वाईट दिवस कशामुळं आला ते कळत नाही.

पहिला खड्डा : शून्याचा अर्थ

कुंपणाचं तिसरं कारण आठवा, डुक्कर शेजाऱ्याकडं गेलं. इराकमध्ये अमेरिकी सैन्याच्या बाबतीत हे ठळक दिसलं. रस्त्याकडेला पुरलेल्या बॉम्बपासून वाचण्यासाठी गाड्यांना जाड पत्रे लावले, तर बॉम्ब मोठे आणि चिलखत भेदणारे झाले. रेडिओनं उडवायचे बॉम्ब निकामी करणारे जॅमर आणले, तर वायरनं किंवा वजन पडताच फुटणारे बॉम्ब आले. म्हणजे रेडिओ-बॉम्ब कमी झाले हा आकडा खरा, पण धोका कमी झाला की नुसता रूप बदलून आला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. समोर निसर्ग नाही, विचार करणारा माणूस आहे. तुम्ही चाल बदलली की तोही बदलतो.

चौथं कारण, वावर पडीक ठेवणं, हे तर शांतिसेनांच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ब्राझीलचे निवृत्त लेफ्टनंट जनरल सांतोस क्रूझ यांचा अहवाल संयुक्त राष्ट्रांकडं आला. २०१३ पासूनच्या पाच वर्षांत हिंसक कृत्यांमुळं १९५ शांतिसैनिकांचा जीव गेला, आणि हे प्रमाण आधीच्या कुठल्याही पाच वर्षांपेक्षा जास्त आहे, असं त्यात नोंदवलं आहे. निळा झेंडा आता आपोआप संरक्षण देत नाही आणि छावणीत दडून राहिल्यानं सैनिक जास्त सुरक्षित होत नाहीत, असा त्याचा रोख होता. यावर टीकाही झाली. शांतिसेना जास्त आक्रमक झाली तर तीच भांडणातला एक पक्ष बनेल, असं काही अभ्यासकांचं म्हणणं. हा वाद अजून मिटलेला नाही. अशा न मिटलेल्या वादातच चांगला संशोधन-प्रश्न सापडतो.

दुसरा खड्डा : एका धोक्याची ढाल, दुसऱ्याचं दार

२३ ऑक्टोबर १९८३, बैरूत. लेबनॉनमध्ये शांतता राखण्यासाठी गेलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांची एक तुकडी विमानतळाजवळच्या पक्क्या काँक्रीटच्या इमारतीत राहत होती. एवढे लोक एका छताखाली का? कारण त्या भागात तोफगोळे आणि बंदुकीच्या गोळ्या येत होत्या आणि भक्कम इमारत त्यांपासून चांगलं रक्षण करत होती. निर्णय मूर्खपणाचा नव्हता. समोर जो धोका रोज दिसत होता त्याला तो बरोबर उत्तर होता. पण त्या रविवारी पहाटे स्फोटकांनी भरलेला ट्रक इमारतीत घुसला आणि २४१ अमेरिकी सैनिक ठार झाले. त्याच सकाळी फ्रेंच तुकडीवर झालेल्या दुसऱ्या हल्ल्यात ५८ जण गेले. पहाऱ्यावरच्या सैनिकांना भरलेली बंदूक हातात ठेवायची परवानगी नव्हती, कारण ते 'शांततेसाठी' आलेले होते.

यातून संशोधकानं घ्यायचा धडा असा: 'ही छावणी सुरक्षित आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कशापासून सुरक्षित?' हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. गोळ्यांपासून वाचायला माणसं एकत्र ठेवावी लागतात, मोठ्या स्फोटापासून वाचायला विखरून. दोन्ही एकाच वेळी पूर्ण साधत नाही.

तिसरा खड्डा : भागिले किती?

समजा (हे आकडे काल्पनिक आहेत) 'अ' छावणीच्या गस्तींवर वर्षात ६ हल्ले झाले आणि 'ब' छावणीच्या गस्तींवर २. कोण जास्त सुरक्षित? घाईत 'ब' म्हणाल. आता सांगतो की 'अ' मधून वर्षात ३०० गस्ती निघाल्या आणि 'ब' मधून फक्त ४०. मग शंभर गस्तींमागे 'अ' चे हल्ले २ आणि 'ब' चे ५. उत्तर उलटं झालं. छेदात काय घ्यायचं, गस्ती, किलोमीटर, माणसांचे दिवस की मोहिमेचे महिने, हे ठरवण्यात निम्मं संशोधन असतं.

आणि हल्ला हाच एक धोका आहे असंही समजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांमध्ये आजवर झालेल्या मृत्यूंची कारणवार आकडेवारी खुली आहे. त्यात आजार आणि अपघात यांनी मिळून हल्ल्यांपेक्षा कितीतरी जास्त जीव घेतले आहेत. मलेरियाची मच्छरदाणी आणि गाडीचा सीटबेल्ट हेसुद्धा सैन्य-संरक्षणच आहे, फक्त त्यावर सिनेमा निघत नाही.

मग रोज वाट बदलायची का? थोडं गणित

हो, पण 'मनाला येईल तशी' नाही. एक छोटं उदाहरण वहीत करून बघा.

छावणीत परतायच्या दोन वाटा आहेत. जवळची वाट झाडीतून जाते, तिथं हल्ला झाला तर नुकसान ४. लांबची वाट मोकळ्या रानातून, तिथं हल्ला झाला तर नुकसान २. समोरचा एका वेळी एकाच वाटेवर दबा धरू शकतो. बाकी वेळ, इंधन वगैरे सारखं धरू.

कायम लांबच्या वाटेनं आलात तर समोरचा तिथंच बसेल, नुकसान २. कायम जवळच्या वाटेनं आलात तर नुकसान ४. मग लांबची बरी, असं वाटेल. पण आता तीनपैकी सरासरी एकदा जवळची आणि दोनदा लांबची वाट घ्या. समोरचा झाडीत बसला तर सरासरी नुकसान ४ × १/३, म्हणजे १.३३. तो मोकळ्या रानात बसला तर २ × २/३, म्हणजे तेही १.३३. तो कुठंही बसो, तुमचं नुकसान २ वरून १.३३ वर आलं. म्हणजे जास्त धोक्याची वाट अधूनमधून वापरल्यानं एकूण धोका घटला!

अट एकच. आज कोणती वाट, हे समोरच्याला आधी कळता कामा नये. म्हणून निवड फाशावर सोडायची: १ किंवा २ पडला तर जवळची, नाहीतर लांबची. माणसानं मनानं ठरवलं तर 'काल जवळची घेतली, आज नको' असा क्रम नकळत येतो आणि तो क्रम बाहेरून बघणाऱ्याला कळतो. रेडिओवर ठरलेली वाट बोललात तर सगळं गणित पाण्यात. जाफन्याची घटना इथं परत आठवते.

गणिताच्या या शाखेला 'सुरक्षा-खेळ' म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर बनवलेली प्रणाली २००७ पासून लॉस एंजेलिस विमानतळावर वापरात आली. तपासणी नाके कुठं लावायचे आणि श्वानपथक कधी फिरवायचं, हे तिनं ठरवलं जाई. पुढं असंच गणित तटरक्षक गस्तीसाठी आणि वन्यजीवांच्या शिकारीविरुद्धही वापरलं गेलं.

राखण कुणाची?

आता या विषयातला सगळ्यात अवघड भाग. भारतानं आजवर संयुक्त राष्ट्रांच्या पन्नासच्या आसपास मोहिमांमध्ये मिळून २ लाख ९० हजारांहून जास्त सैनिक पाठवले आणि सुमारे १८० जण गमावले. दक्षिण सुदानमध्ये ९ एप्रिल २०१३ रोजी गुमुरुकजवळ संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर हल्ला झाला. ताफ्याचं रक्षण करणारे पाच भारतीय सैनिक आणि सात नागरी कर्मचारी मारले गेले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला अकोबो इथल्या छोट्या तळावर सुमारे दोन हजार हत्यारबंद तरुण चालून आले. आत फक्त चाळीसच्या आसपास भारतीय सैनिक होते. दोन सैनिक गेले, आणि आश्रयाला आलेल्या नागरिकांपैकीही अनेकजण मारले गेले.

हल्लेखोरांचा रोख मुख्यतः त्या आश्रयाला आलेल्या लोकांवर होता. आता फक्त 'आपले किती सैनिक वाचले' हा एकच निकष लावला तर सगळ्यात सुरक्षित उपाय कोणता निघतो? लोकांना आत घेऊच नका, फाटक लावून घ्या. आकडा सुंदर दिसेल आणि तिथं जाण्याचा हेतूच संपेल. जागल्या स्वतः सुखरूप घरी आला पण पीक गेलं, तर त्याला कुणी जागल म्हणत नाही. आणि दुसऱ्या बाजूनं, दोन हजारांसमोर चाळीस जण उभे करून वर त्यांच्या धैर्याचं कौतुक करत बसणं हाही काही उपाय नाही. ते चाळीसच का होते, मदत किती वेळात पोहोचू शकत होती, तळ तिथं ठेवायचा होता का, हे विचारायलाच पाहिजे. म्हणून मोजमापात दोन रकाने लागतात: सैनिक किती सुरक्षित, आणि त्यांच्या भरवशावर असलेले लोक किती सुरक्षित. एकच रकाना ठेवलात तर तुमचा प्रबंध नीटनेटका होईल, पण खोटा होईल.

तुम्ही यावर काय करू शकता?

'हा विषय दिल्ली-पुण्याचा, आपला नाही' असं म्हणू नका. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची जुनी छावणी, आज इथं राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. गावागावांत सेवानिवृत्त जवान आहेत.

सुरुवात खुल्या माहितीपासून करा. शांतिमोहिमांतल्या मृत्यूंची आकडेवारी घ्या, कारणानुसार वेगळी करा, त्या-त्या वर्षी तैनात असलेल्या माणसांच्या संख्येनं भागा आणि आलेख काढा. एवढ्यानंही वर्तमानपत्रातल्या अर्ध्या विधानांची परीक्षा होते.

मुलाखती घ्यायच्या असतील तर आधी मार्गदर्शकांशी बोला, विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी घ्या, लेखी संमती घ्या. गस्तीच्या वेळा, जागा, सध्याची रचना असलं काही विचारू नका, कुणी आपणहून सांगितलं तरी लिहू नका. तुमच्या प्रबंधातली एक ओळ कुणाच्या जिवावर बेतता कामा नये. आणि ज्यांच्या घरातलं माणूस परत आलं नाही त्यांच्याकडं 'डेटा' मागायला जाऊ नका. आधी माणूस म्हणून जा, वही नंतर.

प्रश्न मात्र नीट निवडा. प्रत्येकजण माजी सैनिकाला विचारतो, 'सगळ्यात भयंकर दिवस कोणता?' तुम्ही विचारा, 'ज्या दिवशी काहीच झालं नाही, त्या दिवशी तुम्ही काय-काय केलं होतं?' पाणी कसं आणलं, पहारा कधी बदलला, गावातल्या कुणाशी काय बोललात, कंटाळा आला तेव्हा कोणती गोष्ट टाळली. ती माहिती कुठल्याही पदकाच्या मजकुरात नसते, आणि या विषयात कमी आहे ती तीच.

संशोधन आराखडा लिहायला घ्याल तेव्हा पहिल्या पानावर ही तीन वाक्यं पूर्ण करा: 'मी ज्या संरक्षणाचा अभ्यास करतो/करते ते ____ पासूनचं आहे. मी त्याची तुलना ____ शी करणार आहे. त्याची किंमत ____ मोजतो.' तिसरी रिकामी जागा भरताना वेळ लागेल. लागू द्या. ती भरता आली की आराखडा समितीसमोर बसताना तुमच्याकडं नुसता विषय नाही, प्रश्न असेल.